मोडलेली वाट

भुजंगचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. दहानंतर काळा दगड चटके देतो, म्हणून. लोह्याजवळच्या आमच्या गावच्या खदानीत तो आणि मी एकतीस वर्षं बरोबर होतो. गावची वेस, बारव, मारुतीचा पार, सगळा दगड तिथलाच. भुजंग कडा फोडायचा तो ओळंब्यात, भिंतीसारखा सरळ. वेडावाकडा दिसला की म्हणायचा, "हे उंदरानं कुरतडलं का रं?"

खदान बंद व्हायची ठरली तेव्हा खाली उतरायची गाडीवाट तेवढी फोडायची उरली होती. मुकादम म्हणाला, "वाटेखाली लई चांगला दगड हाय. फोडा. दुप्पट मजुरी देतो."

भुजंग थांबला. "वाट मोडू न्हाई, मुकादम."

"आता कोण उतरणार हाय तिथं? तुझा सासरा?"

सगळे हसले. मीही हसलो. अठरा दिवसांत आम्ही सगळ्यांनी वाट फोडली आणि शिडीनं वर आलो. भुजंगची ती मजुरी त्याच्या बायकोनं, विठाबाईनं, फडक्यात बांधून वेगळी ठेवली. पत्रे काढून स्लॅब टाकायचा होता तिला.

खदानीत पाणी साचलं. गावात नळाला आठवड्यातून एकदा पाणी, म्हणून बाया तिथं धुणं नेऊ लागल्या. गेल्या साली घटस्थापनेआधी दसरा काढायला, म्हणजे घरातल्या सगळ्या गोधड्या धुवायला, विठाबाई सुनेला, दिपालीला, घेऊन गेली. पाणी काठापासून तीन हात खाली होतं. विठाबाई टोक धरून गोधडी पाण्यात सोडायची, बुचकळून वर ओढायची. भिजलेली गोधडी माणसाएवढी जड होते. त्या वजनानं विठाबाईला आत ओढलं.

विठाबाई कड्यावर हात मारत राहिली. बोट अडकवायला खाच नव्हती. दिपालीनं काठावर पालथं पडून हात दिला. वीतभर कमी पडला. ती दुसरी गोधडी खाली सोडेपर्यंत विठाबाई बुडाली होती.

भुजंगनं तो कडा एकदा बघितला. "लई सरळ फोडला," एवढंच म्हणाला.

संक्रांतीनंतर त्यानं छिन्नी-हातोडा काढला. अडुसष्ट वर्षांचा माणूस. मी म्हणालो, "ग्रामपंचायतीला सांगू. मशीन आणतील."

"वाट मशीननं मोडली हुती का? हातानं मोडली. हातानंच करीन."

माझा गुडघा गेलेला. मी छिन्न्यांना धार लावून द्यायचो, तेवढंच. एका पायरीला आठ दिवस लागले. पाणी आटत गेलं तसा तो एकेक पायरी खाली उतरत गेला. सतरा पायऱ्या. मुद्दाम खडबडीत ठेवल्या, पाय सरकू नये म्हणून. जन्मात पहिल्यांदा त्यानं ओळंबा काढला नाही.

मग त्यानं विठाबाईचं फडकं सोडलं आणि लोह्याहून लोखंडी साखळी न् खुंट्या आणल्या. कड्याला वरपासून खालपर्यंत साखळी ठोकली.

यंदा दसरा काढायला बाया येण्याआधी त्यानं दिपालीला बोलावलं. तिनं साखळीला दोन्ही हातांनी हिसका दिला.

"हलत न्हाई, मामा."

"साखळीचं उरलेलं टोक काठावरून लोंबतंय, ते कापायचं न्हाई," तो म्हणाला. "वीतभर जास्तीच घेतली."

वाट मोडल्याची मजुरी त्या साखळीला गेली. घरावर अजून पत्रेच आहेत.