ताटली पुढे देणारे दानिएलकाका

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाची ताटली दानिएलकाका फिरवायचे. ख्रिस्ताच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून वाटायचे पावाचे बारीक तुकडे, वर पांढरा रुमाल, आणि आयोडिनचे डाग पडलेले काकांचे ते खरबरीत हात. बाकाबाकापुढे वाकून ते सगळ्यांना द्यायचे, रिकामी झालेली ताटली प्रभूच्या मेजावर ठेवायचे आणि आपल्या जागी जाऊन बसायचे. स्वतः मात्र खायचे नाहीत. मी पुढे पेटी वाजवायला बसायचे, त्यामुळे मला हे नेमकं दिसायचं. इतरांनाही दिसत असणारच, पण आमच्या चर्चच्या मंडळीला जे पाहायचं नसतं ते दिसत नाही.

काका मिशनच्या दवाखान्यात ड्रेसर होते. वणीच्या रस्त्यावरचं आमचं छोटं गाव. बैलानं मारलेला, विळा लागलेला, जो तो त्यांच्याकडे यायचा. पट्टी सोडताना कोणी ओरडला की म्हणायचे, "झाकून ठेवलं तं सडते बापा. उघडं केलं तं वास येते, पण जीव वाचते." जात-धर्म विचारायच्या आधी ते पाणी गरम करायला ठेवायचे. आमच्याकडे प्रवचनं पुष्कळ झाली, पण ख्रिस्ती माणूस म्हणजे काय हे मला कळलं ते त्या पाण्याच्या भगोण्याजवळ.

आता न खाण्याचं कारण सांगते. आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्या वर्षी सलोमीबाईच्या मुलीचं लग्न झालं. सलोमीबाई विधवा, मुलींच्या बोर्डिंगात पोळ्या लाटायची. तिची म्हातारी आई मारेगावकडची, ख्रिस्ती न झालेली. नातीच्या अंगाला हळद लागलेली पाहून मग डोळे मिटते म्हणाली. सलोमीबाईनं घराचं दार लोटून पोरीला हळद लावली. पण हळद कुठे लपते? दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये नवरीचे पिवळे हात सगळ्यांनी पाहिले. लाडू खाल्ले आणि आठ दिवसांत पंचांची सभा बोलावली.

हळद म्हणजे जुन्या धर्माची खूण, असा आमच्याकडे नियम होता. बाईनं भर मंडळीत उभं राहून पाप कबूल करावं, तोवर तिनं प्रभुभोजन घेऊ नये, असं ठरलं. पंचांत दानिएलकाकाही होते. त्यांनीही हात वर केला. महिन्या-दोन महिन्यांची गोष्ट, बाई माफी मागेल आणि मिटेल, असं त्यांना वाटलं होतं. सलोमीबाई मात्र म्हणाली, "चुकलं असन तं देवाले सांगीन. तुमाले कायले सांगू?"

पुढच्या पहिल्या रविवारी ती नेहमीच्या बाकावर येऊन बसली. काका ताटली घेऊन आले तेव्हा तिनं हात पुढे केला. काका थबकले. उपासना चालवणारे पाळकसाहेब पुढून खाकरले. काकांनी ताटली तिच्या हातावरून पलीकडच्या बाईपुढे नेली. तो रिकामा हात काही वेळ तसाच होता. मी पेटीचा सूर चुकले. त्या दिवसापासून प्रभुभोजनाच्या रविवारी सलोमीबाई बाहेरच्या पायरीवर बसू लागली आणि काका उपाशी राहू लागले. आपल्या हातानं ज्या बाईला नाकारलं ती आत येईपर्यंत तो घास त्यांच्या घशाखाली उतरणार नव्हता. तिला आत घ्या म्हणून ते दर सभेत विषय काढायचे. आधी माफी, हे उत्तर ठरलेलं होतं.

अशी काही वर्षं गेली. मग पाळकसाहेबांच्या मुलीचं लग्न निघालं. नवरा नागपूरचा, शिकलेला. वऱ्हाडी बायकांनी नवरीला चांगली पाळकांच्याच बंगल्याच्या अंगणात बसवून हळद चोळली. काका सभेत उभे राहिले. एकतर पाळकसाहेबांना बाहेर काढा, नाहीतर सलोमीबाईला आत घ्या, असं सरळ म्हणाले. पाळकसाहेबांनी शांतपणे समजावलं की ते उटणं होतं, कातडीला चांगलं असतं. पंचांनी माना डोलावल्या. बाटलेली हळद पोळ्या लाटणारीची. बंगल्यातली ती उटणं!

त्या महिन्यात काका ताटली घेऊन बाकं संपल्यावर दाराकडे निघाले. पाळकसाहेब म्हणाले, "दानिएल, ताटली आत राहू द्या." काकांनी ताटली शेवटच्या बाकावर ठेवली, आपल्या वाट्याचा तुकडा उचलला आणि बाहेर गेले. दार उघडं होतं. पायरीवरचं बोलणं सगळ्यांनी ऐकलं.

"घ्या, सलोमीबाई."

"कोनाच्या हिस्स्याचा हाये?"

"माह्या."

"मंग तुमीच खा, भाऊ. मले माह्या हिस्स्याचा पायजे, अन् तो आत हाये."

काका तुकडा घेऊन आत आले आणि तो ताटलीत परत ठेवला.   पुढच्या सभेत त्यांच्याकडून ताटली काढून घेतली. मग तेही पायरीवर बसू लागले, तिच्यापासून हातभर अंतरावर. दोघं आतली गाणी बाहेरून म्हणायचे.

कापूस वेचणीच्या दिवसांत सलोमीबाई तापानं गेली. शेवटपर्यंत तिनं माफी मागितली नाही आणि कोणी तिला आत बोलावलं नाही. पुढे काका आजारी पडले. मी त्यांच्या उशाशी होते तेव्हा पाळकसाहेब स्वतः ताटली आणि प्याला घेऊन घरी आले. मन मोठं केलं होतं त्यांनी, असं लोक म्हणतात.

काकांनी विचारलं, "सलोमीबाईचा आनला का?"

"ती प्रभूकडे गेली, दानिएल."

"मंग मीबी तिथंच खाईन. तिच्या पंगतीले."

पाळकसाहेबांनी ताटलीवर रुमाल टाकला.

काकांना मातीला नेलं तेव्हा दवाखान्याची सगळी ओसरी रडत होती. आता आमच्या मंडळीत प्रत्येक लग्नाला हळद लागते, वर फोटोही काढतात. काकांच्या मातीच्या दिवशी कबरीशी पाळकसाहेब म्हणाले की दानिएल अखेरपर्यंत प्रभूच्या मेजाशी एकनिष्ठ राहिला. त्यांचं ते बोलणं अगदी खरं होतं, आणि याचाच मला अजून राग येतो.