तिसऱ्या कडव्यानंतर

आमच्या आत्याला चर्चमध्ये पायपेटी वाजवायला बसवलं, ते दोन रविवारांपुरतं. जुने वाजवणारे मास्तर आजारी पडले म्हणून. पुढे मास्तर वारले आणि ते दोन रविवार अजून चाललेच आहेत. आत्या आता साठीच्या पुढे गेली.

ती शिवणकाम करते. आठवडाभर पायाखाली शिलाई मशीन, रविवारी पेटीचा भाता; पायांना सुटी अशी नाहीच. तिने सबबी सांगून पाहिल्या. गुडघे धरतात, नजर अधू झाली. मंडळीतले वडीलधारे हसून म्हणायचे, "बाई, ही नोकरी नाही, सेवा आहे." मला या वाक्याची चीड आहे. नोकरीत निदान राजीनामा तरी देता येतो. सेवेत नुसतं कौतुक होतं, आणि कौतुकाने बांधलेल्या माणसाला सोडवायला गाठ सापडत नाही. भीड ही भिकेची बहीण, हे आत्याला कुणी शिकवलंच नाही.

पेटी भिंतीला लावलेली. त्यामुळे इतक्या वर्षांच्या उपासनेत तिने पाहिली ती भिंत आणि भिंतीवरची ओल. गाणं तर नाहीच. ओठ हलले की बोटं चुकायची. एकदा मला म्हणाली, "तुम्ही सगळे गाण्यातून देवाशी बोलता. मी तुमच्या बोलण्याला साथ देते. माझं बोलणं राहूनच गेलंय बघ." घरात खरी श्रद्धा कुणाची असेल तर तिचीच. तिला फक्त एकदा बाकावर, आपल्या माणसांत बसून गायचं होतं.

मग माझे वडील गेले. तिचा एकुलता एक भाऊ. संध्याकाळी पाळकसाहेब घरी आले, प्रार्थना झाली, चहा झाला, आणि त्यांनी हळूच विचारलं, "उद्या गीतं कोणती घेऊ या?"

"तुम्हाला हवी ती घ्या," आत्या म्हणाली. "उद्या मी बाकावर बसणार."

"मग वाजवणार कोण?"

"कुणीही वाजवा. नाहीतर तसंच गा."

पाळकसाहेबांनी आईकडे पाहिलं. शेवटी आईच म्हणाली, "वन्सं, असं नका करू. ते नेहमी म्हणायचे, माझ्या बहिणीसारखं कुणी वाजवत नाही. त्यांच्यासाठी एवढं कराच."

झालं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. आत्याने डोळे पुसले आणि गीतांचं पुस्तक मागितलं. मला आईचा भयंकर राग आला, पण नवरा गेलेल्या बाईला बोलणार तरी काय?

दुसऱ्या दिवशी आम्ही पहिल्या बाकावर, आत्या पेटीपाशी, आमच्याकडे पाठ करून. तिसरं कडवं संपलं आणि पेटी थांबली. आत्या स्टुलावरच मागे वळली आणि शवपेटीकडे बघत राहिली. आमची मंडळी पेटीशिवाय गायला शिकलेलीच नाही, सगळे चिडीचूप. मग आत्या एकटीच गाऊ लागली. आवाज चिरका, बेसूर. दोन ओळी झाल्या आणि हुंदका फुटला. ती उठत होती, आमच्याकडे यायलाच उठत होती. पाळकसाहेब वाकून म्हणाले, "बाई, पेटी..." ती परत भिंतीकडे वळली आणि तिने शेवटचं कडवं वाजवलं.

दफनानंतर लोक तिच्याभोवती जमले. मला वाटलं, सांत्वनाला.

"काय सुंदर थांबलात हो! अंगावर काटा आला."

"मुद्दामच ना?"

जीव आत्याचा तुटला आणि दाद मिळाली वाजवण्याला.

पुढे शेजारचे काका गेले, तेव्हा त्यांचा मुलगा घरी आला. "आत्या, बाबांच्या वेळीही तसंच थांबाल ना? तिसऱ्या कडव्यानंतर?" नाही म्हणणं आत्याच्या रक्तात नाही. आता ती रीतच झाली. कुणीही गेलं की तिसऱ्या कडव्यानंतर पेटी थांबते, आत्या वळते, दोन ओळी गाते, लोक रुमाल काढतात. नव्या पाळकसाहेबांना तर ही मंडळीची जुनी परंपराच वाटते.

परवा तिच्या मशीनशेजारी बसून मी विचारलं, "आत्या, त्या दोन ओळी तरी तुझ्या असतात ना गं? तेवढ्यात बोलतेस देवाशी?"

तिने दातांनी दोरा तोडला.

"कुठलं गं. सूर नीट लागतोय का, ते बघते. मागच्या वेळी एकजण म्हणाली, पहिल्यासारखं रडू आलं नाही."