पानाआडचा सेनापती

तिच्या घरात जेवणाचं टेबल होतं, पण त्यावर कधी कोणी जेवल्याचं कुणाच्या आठवणीत नाही. टेबलावर कायम जंगल असायचं. काही झाडं नुसती तारेची, काहींना साल चढलेली, काहींचा गोंद अजून ओला. घरातली माणसं ताट मांडीवर घेऊन जेवायची, आणि पाहुण्यांनाही तेच शिकवायची.

ती ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात वायंडिंगला होती. दिवसभर तांब्याची तार गुंडाळायची आणि उरलेले तुकडे भंगाराच्या डब्यात टाकायचे, हे काम. हे तुकडे ती मुकादमाला सांगून घरी आणायची. मूठभर तारा एकत्र धरायच्या, खालचं टोक पकडीत आवळायचं आणि पीळ द्यायचा, की झालं खोड. वरच्या तारा अर्ध्या इकडे, अर्ध्या तिकडे, पुन्हा पीळ, की फांद्या. मग खोडाला गोंद लावून वर लाकडाचा बारीक भुसा आणि तपकिरी रंग. पानांसाठी जुन्या गादीचा स्पंज हिरव्या रंगात बुडवून वाळवायचा आणि मिक्सरमधून फिरवून काढायचा. सुरुवातीला घरात एकच मिक्सर होता. एकदा तिच्या नवऱ्याने मसाला समजून चिमूटभर पानं भातावर पेरून घेतली आणि ‘आज जरा चव आलीये’ असं म्हणाला. तिने दुसऱ्याच दिवशी दुसरा मिक्सर आणला.

ही वीतभर उंचीची झाडं लागायची कोणाला, तर लढाया खेळणाऱ्या बाप्यांना. चांगले नोकरीधंदा करणारे, टक्कल पडलेले, गुडघे धरून उठणारे हे लोक दर रविवारी एका मोठ्या टेबलाभोवती जमायचे. बोटाच्या पेराएवढे रंगवलेले सैनिक मांडायचे, फासे टाकायचे, आणि आपला घोडा दोन बोटं पुढे गेला की अडीच, यावरून मोजपट्टी घेऊन एकमेकांच्या अंगावर धावून जायचे. टेबलाला डोंगर हवेत, ओढे हवेत, आणि सैन्याला लपायला झाडी हवी. ती झाडी तिची. कोण कोणाशी आणि कशासाठी लढतंय, हे तिने कधी विचारलं नाही. दोन्हीकडचे सैनिक तिला सारखेच बावळट दिसायचे. पण कोणी फांदी धरून झाड उचललं की ती असा काही पाणउतारा करायची, की खेळणाऱ्यांनी तिचं नाव वनखातं ठेवलं होतं.

तिचं लग्नसुद्धा या झाडांनीच जमवलं. तिच्या धाकट्या भावाने घरी लढाई मांडली होती आणि त्याचा एक नवा मित्र खेळायला आला होता. ती कारखान्यातून येऊन हातातल्या तारेला सहज पीळ देत बसली होती. त्याचं झाड झालं, म्हणून तिने ते टेबलावर ठेवलं. मित्र लढाई विसरून तिच्याकडे एकटक बघत राहिला. निदान तिला तरी तसं वाटलं. लग्नानंतर कळलं, की त्या झाडामागे तोफ मावेल का, याचा तो अंदाज घेत होता. तोवर सगळं होऊन गेलं होतं.

हा नवरा म्हणजे कर्नल. खऱ्या आयुष्यात तो घरोघर फिरून पाण्याचे मीटर वाचायचा. कर्नल ही पदवी रविवारपुरती. भावाचं चष्म्याचं दुकान होतं, म्हणून तो चष्मेवाला. दाजी आणि मेहुणा वीस-बावीस वर्षं एकमेकांची सैन्यं कापून काढत आले, आणि कापून झाली की खांद्याला खांदा लावून गप्पा मारत घरी आले. तिला वाटायचं, पुरुषांची मैत्री अशीच असते, मूर्खासारखी पण टिकाऊ.

मग गेल्या वर्षी ही मैत्री एका झाडावरून तुटली.

त्यांच्या खेळात एक रिवाज होता. तोफ डागायची तर तोफेला शत्रू दिसायला हवा. म्हणून जो मारणार, तो टेबलावर हनुवटी टेकून, एक डोळा मिटून, आपल्या तोफेमागून बघायचा. ज्याचा माणूस मरणार, तो समोरून तसाच वाकून आपल्या माणसामागून बघायचा. दोघांना एकमेकांचा डोळा दिसला तर गोळा लागला. नाही दिसला तर माणूस वाचला. त्या रविवारी कर्नलचा सेनापती एका डेरेदार झाडाआड उभा होता. झाडाच्या दोन फांद्यांमध्ये बोट जाईल एवढी फट होती. तिने ती मुद्दाम ठेवली होती, कारण झाड म्हणजे काही कोबीचा गड्डा नव्हे, असं तिचं मत.

“दाजी, तुमचा सेनापती गेला,” मेहुणा तोफेमागून म्हणाला.

“कसा गेला? मला तुझा डोळा दिसत नाहीये.”

“मला तुमचा दिसतोय ना!”

“तुला दिसणारच. तुझं चष्म्याचं दुकान आहे.”

लिफ्ट दुरुस्त करणारा एक जण तिथे होता. त्याने वाकून बघितलं आणि ‘दिसतंय की’ म्हणाला. कर्नल म्हणाला, याला मेहुण्याच्या दुकानातून चष्मा फुकट मिळालाय, हा काय दुसरं बोलणार! तेव्हा मेहुणा भडकला. गेले काही महिने कुठेही वाकलं की दाजींना दिसतच नाही, हा सरळसरळ रडीचा डाव आहे, असं तो चारचौघांत म्हणाला. कर्नलच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने सेनापती खिशात घातला, बाकीचं सैन्य खोक्यात कोंबलं आणि निघून आला. सेनापती मेला की वाचला, हे ठरलंच नाही.

त्या दिवसापासून भावाने तिच्या घरी पाऊल टाकलं नाही. फोन यायचा, पण कर्नल घरात असताना नाही. आईवडील गेल्यावर माहेर म्हणून तिला हा एक भाऊच उरला होता. दोन दाढीवाल्या पोरांनी एका बाहुलीपायी तिचं माहेर बंद केलं, याचा तिला भयंकर राग होता आणि त्याहून जास्त वाईट वाटत होतं. कर्नलला ती म्हणायची, “तुम्ही जाऊन बोला ना एकदा.” कर्नल म्हणायचा, “रडीचा माणूस काय बोलणार?” त्याचा हट्ट इतका, की चष्म्याच्या काचा बदलायला झाल्या तरी मेहुण्याच्या दुकानात जाईना, आणि दुसऱ्याच्या दुकानात जायला लाज वाटे. तो जुन्याच काचांवर मीटर वाचत राहिला.

एक दिवस ती कपाटावरची झाडं काढून ब्रशने धूळ झटकत होती. भांडणानंतर खेळणाऱ्यांनी परत पाठवलेलं ते डेरेदार झाड हातात आलं आणि ती थबकली. फटीत पानं होती. चांगला झुबका होता, आणि फट पार बुजली होती. तिचा गोंद पातळ, वाळला की दिसत नाही. हा पिवळा होता आणि खाली ओघळला होता, फांदीला सर्दी झाल्यासारखा. असा गोंद जगात एकच माणूस लावायचा, आणि तो आत पेपर वाचत पडला होता.

म्हणजे भाऊ खरं बोलत होता, आणि नवऱ्याने मागाहून येऊन पुरावा चिकटवला होता.

दोन दिवस तिने ताकास तूर लागू दिली नाही. झुबका गुपचूप उपटून टाकावा, तर भांडण आहे तिथेच राहणार. भावाला सांगावं, तर तो नवऱ्याला जन्मभर तोंड वर काढू देणार नाही. न सांगावं, तर माहेर गेलं ते गेलंच. तिने झाड तीनदा कचऱ्याच्या डब्यापर्यंत नेलं आणि तीनदा परत आणलं. शेवटी भावाला फोन केला. “रविवारी ये. त्या झाडाचा निकाल लावते.” निकाल म्हटल्यावर तो यायला तयार झाला. नवऱ्यालाही तेवढंच सांगितलं. कोण येणार, ते नाही सांगितलं.

रविवारी भाऊ दारात उभा राहिला, तेव्हा कर्नल तोंडात मारल्यासारखा बघत राहिला. तिने दोघांनाही बोलू दिलं नाही. टेबलावरचं जंगल बाजूला सारून ते एक झाड मधे ठेवलं.

“तू तोफ ठेव. तुम्ही सेनापती ठेवा. जसे होते तसे.”

दोघांनी ठेवले. गंमत म्हणजे दोघांच्याही खिशात ते होतेच.

भाऊ वाकला आणि लगेच सरळ झाला. “ताई, इथे फट होती. ही पानं नव्हती.”

“नव्हतीच. ही माझी नाहीत,” असं म्हणून तिने चिमट्याने झुबका उपटला आणि नवऱ्यासमोर धरला. “ही कोणाची?”

कर्नलचा चेहरा पडला. “मी लावली,” तो म्हणाला. “पण खोटेपणा नाही केला. मला तिथून काही दिसलं नव्हतं, म्हणजे तिथे पानं असणारच. उचलताना पडली असतील, असं वाटलं. म्हणून होती तशी लावली.”

“लाज नाही वाटत? सख्ख्या मेहुण्याशी भांडलात, वर्ष वाया घालवलंत, आणि वर माझ्या झाडाला हा असला गोंद!” आता फट उघडी होती. “वाका. दोघंही वाका. आता सांगा काय दिसतंय ते.”

दोघं वाकले. झाडाच्या या बाजूला एक हनुवटी, त्या बाजूला दुसरी.

“नाही दिसत,” कर्नल म्हणाला. त्याचा आवाज रडवेला झाला होता. “आईशप्पथ नाही दिसत गं. नुसतं धुकं आहे.”

तिने हात उगारलाच होता, पण भाऊ अजून वाकलेलाच होता. तो फटीतून बघतच राहिला होता.

“दाजी, हलू नका,” तो म्हणाला. “तुम्ही नेहमी उजवाच डोळा मिटता?”

“पहिल्यापासून. डाव्याने नेम धरतो मी.”

भाऊ उठला आणि टेबलाला वळसा घालून आला. वर्षभर ज्याला हाक मारली नव्हती, त्याचा चष्मा काढला, हनुवटी धरली आणि मोबाईलचा उजेड त्याच्या डाव्या डोळ्यावर पाडला. तिनेही वाकून बघितलं. बुबुळामागे दुधासारखा पडदा दिसत होता.

“मोतीबिंदू आहे,” भाऊ म्हणाला. “चांगला पिकलाय. उजव्यावर निभावत होता, म्हणून कळलं नाही. हा एकटा वापरता तो फक्त खेळताना.” मग त्याने मोबाईलचा उजेड विझवला. “एवढ्या लोकांचे डोळे बघतो मी, आणि घरच्या माणसाला रडीचा म्हणालो.”

“चारचौघांत,” कर्नलने आठवण करून दिली.

“चारचौघांत. चुकलं माझं, दाजी.”

कर्नल चष्मा पुसत बसला. मग हळूच म्हणाला, “म्हणजे माझा सेनापती वाचला?”

“छे! मोतीबिंदू तुम्हाला झालाय, सेनापतीला नाही. तो मेला.”

कर्नलने विचार केला. मग एका बोटाने सेनापतीला आडवा पाडला. “मेला तर मेला.”

तिला एकदम रडूच फुटलं. माहेर परत मिळालं म्हणून, आणि बोट जाईल एवढ्या फटीतून जे एका वाकण्यात दिसलं, ते एकाच घरात राहून आपल्याला वर्षभर दिसलं नाही म्हणून. दोघं बाप्ये घाबरून उठले. त्यांना वाटलं, झुबका उपटताना फांदी मोडली.

“अगं, होईल दुरुस्त झाड,” कर्नल म्हणाला. “मी लावून देतो गोंद.”

“तुम्ही नका, मी लावतो,” भाऊ म्हणाला.

“झाड गेलं खड्ड्यात,” ती नाक पुसत भावाला म्हणाली. “तू जेवून जाणार आहेस की नाही, ते सांग.”