उसने डोळे

शेजारी आज दाराला रंग चाललाय. जवसाच्या तेलाचा वास आला आणि मी सोलापुरातल्या माझ्या जुन्या खोलीत जाऊन बसलो.

तेव्हा मी गेलेल्या माणसांच्या तसबिरी रंगवायचो. फोटो बहुधा माणूस गेल्यावरच काढलेला असायचा, डोळे मिटलेला. घरच्यांचं मागणं एकच, "डोळे उघडे काढा." त्या माणसाला मी कधी पाहिलेलं नसायचं, पण गिऱ्हाइकाला नाही म्हणायला माझी जीभ रेटत नसे. मग बायकोला समोर पाटावर बसवायचो आणि तिचे डोळे काढायचो. पदराला पिठाचे हात पुसत ती विचारायची, "आज मी कुणाची आई, का बाप?"

ती तापानं गेली. तेराव्यानंतर एक म्हातारा विणकर सुनेचा फोटो घेऊन आला.

"मास्तर, डोळे तेवढे उघडा की. पोरगं आईला बघायचं म्हणून लई हट्ट करतंय."

समोरचा पाट रिकामा होता.

"नाही जमणार," मी म्हणालो. तो माझा पहिला नकार. वाईट वाटलं नाही, बरंही वाटलं नाही. म्हातारा फोटो धोतराच्या सोग्यात गुंडाळून निघून गेला. मी ब्रश धुतले.

तेव्हा वाटलं, मी त्याला नाही म्हणालो. आता वाटतं, बायकोचे ते डोळे पुन्हा बघायलाच मी नाही म्हणालो. तिचा फोटो आम्ही कधी काढला नव्हता. गावातल्या कितीतरी परक्या भिंतींवर, हारांखाली, तिचे डोळे उघडे होते.

मी एकाही घरी गेलो नाही.