दातवार पंगत

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी क्षणभरही न थांबता मोठीमायचं नाव घेतो. मोठीमाय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी झालो तो तिच्या घरी राहून, तिच्या हातचा भात खाऊन. पण हे झालं माझं घरगुती. गावाच्या दृष्टीनं तिची थोरवी वेगळीच होती. उभ्या गोंदिया जिल्ह्यात दातांचे जेवढे डॉक्टर असतील, त्या सगळ्यांनी मिळून जेवढी म्हातारी तोंडं आतून पाहिली नसतील तेवढी एकट्या मोठीमायनं पाहिली होती. त्यासाठी तिला खुर्ची लागली नाही की दिवा लागला नाही. "आ कर" म्हणायची, हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवायची, आणि एका नजरेत हिशोब सांगून मोकळी व्हायची.

आमचं गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यात, तलावाच्या काठाला. कर्ती पोरं नागपूरला नाहीतर रायपूरला गेलेली, आणि धानाच्या रोवणीच्या दिवसांत उरलेलं गावही सकाळीच बांधीत, म्हणजे भातखाचरात, उतरलेलं. घरी राहायची म्हातारी माणसं. त्यांचं दुपारचं जेवण म्हणजे कालचा भात, पाणी आणि मीठ. हे पाहून गोंदियाच्या एका संस्थेनं आमच्या समाजमंदिरात म्हाताऱ्यांसाठी दुपारचं जेवण सुरू केलं आणि रांधायला मोठीमायला ठेवलं. पहिल्या आठवड्यातच तिच्या एक गोष्ट लक्षात आली. ज्यांना दात होते ते भराभर जेवून उठायचे, आणि त्यांच्यामागं आपण एकटेच चावत बसलोय या लाजेनं बाकीचेही "पोट भरलं" म्हणून अर्ध्या ताटावरून उठायचे. दुसऱ्या सोमवारी तिनं पंगतीची नवी मांडणी केली. वयाची नाही, मानाची नाही, जातीची तर नाहीच. दातांची. पहिल्या ओळीत सपाट, दुसऱ्या ओळीत समोरचे शाबूत असलेले, तिसऱ्या ओळीत दाढवाले. पहिलीला वरणात कुस्करलेला मऊ भात आणि घोटलेली मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, पानांची भाजी, दुसरीला जरा घट्ट, तिसरीला पोपटाच्या शेंगांतल्या दाण्यांची उसळ आणि वर जवसाची चटणी. ज्याच्या त्याच्या ओळीत कुणी पुढं नाही, कुणी मागं नाही.

यातून दात पडला की येऊन सांगायचा नियम निघाला. आमच्या शेजारच्या भागाबाईची शेवटची उरलेली दाढ पडून तोंड सपाट झालं तेव्हा तिनं ती बातमी पंधरा दिवस लपवली, कारण तिची लहानपणची मैत्रीण तिसऱ्या ओळीत होती. रोज ती उसळीचे दाणे गोळ्यांसारखे पाण्याबरोबर गिळायची. शेवटी मोठीमायनं तिला भरपंगतीत पकडलं. "काऊन वं भागे, चावून नाई रायली, नुसती गिळून रायली?" भागाबाई रडायलाच लागली. मोठीमायनं तिला पहिल्या ओळीच्या टोकाला बसवलं, मैत्रिणीला तिसरीच्या टोकाला, आणि दोन्ही ओळींची टोकं वाकवून एकमेकांना भिडवली. तेव्हापासून आमची पंगत वरून पाहिली असती तर बैलाच्या शिंगांसारखी दिसली असती.

गावचा तलाव ज्यांच्या पणजोबांनी बांधला ते म्हातारे पाटीलही या पंगतीला यायचे. म्हणजे आधी आठ दिवस ते काठी टेकून दारातच उभे राहत. कुणी विचारलं की म्हणत, "मी फक्त पाहायले आलो." घरी त्यांना काही कमी नव्हतं. नवव्या दिवशी मोठीमाय पळी घेऊनच दारात गेली. "पाहून पोट भरत असंल तं घरची भिंत पाहा, पाटील. आ करा." पाटलांनी आयुष्यात कुणापुढं केलं नसेल ते केलं. मोठीमायनं वाकून पाहिलं आणि आत ओरडून सांगितलं, "दोनच हायेत, तेबी हालून रायले. पयल्या ओळीत!" पहिल्या ओळीत जागा होती ती सोमाजीच्या शेजारी. सोमाजीनं चाळीस वर्षं पाटलांचा नांगर धरलेला. बौद्धाच्या घरच्या बाईनं रांधलेलं, आपल्या जुन्या गड्याच्या मांडीला मांडी लावून पाटील जेवतात का, हे बघायला सगळी पंगत हात थांबवून बसली होती. मोठीमायचं मात्र तिकडे लक्षच नव्हतं. पाटलांना भात आणखी कुस्करावा लागेल का, एवढंच ती बघत होती. पाटील जेवले. वरण मागून घेतलं.

पदवी मिळाल्यावर मला त्याच संस्थेत नोकरी लागली. सात-आठ गावांच्या जेवणावर देखरेख करायची. माझ्या गावाची पाळी आली तेव्हा गोंदियाहून दोन वरिष्ठ साहेब सोबत होते. मी इस्त्रीचा शर्ट घालून पुढं. समाजमंदिरात शिरलो तर मोठीमाय एका म्हाताऱ्याची हनुवटी धरून उभी. मोठे साहेब हसत म्हणाले, "अरे, ये खाना खिला रही है या बैल खरीद रही है?" मोठीमायनं मान वर केली. "बैलाचे दात पाहून चारा देते मानूस. मानसाचे कोन पाहते, साहेब?" आणि मग मला पाहून तिला भरतंच आलं. "आला का माहा बाबू! तू बी आ कर. शहरातलं खाऊन दाढ किडली असंल." इतक्या वर्षांची सवय, मी साहेबांसमोर आ केला. "किडली!" मोठीमायनं जाहीर केलं. तिन्ही ओळी हसल्या. साहेबही हसले, परतताना जीपमध्येही हसत होते.

त्याच आठवड्यात मी संस्थेला एक लेखी सूचना केली: म्हाताऱ्या माणसांना उन्हापावसात चालत यावं लागतं, तरी जेवण डब्यातून घरपोच द्यावं. सूचना सगळ्यांना आवडली. माझं कौतुकही झालं. रोवणीच्या तोंडावर माझ्या गावची पंगत बंद झाली आणि तालुक्याहून शिजवून आलेले स्टीलचे चकचकीत डबे घरोघर जाऊ लागले; मोठीमायकडे ते वाटायचं काम राहिलं.

दोन महिन्यांनी वजनं घ्यायला गेलो तर जवळजवळ प्रत्येकाचं वजन उतरलेलं. काटा बिघडला असेल म्हणून मी स्वतः त्यावर उभा राहून पाहिलं. काटा ठीक होता. मोठीमाय रागावली नाही. "चाल" म्हणाली आणि मला घरोघर घेऊन गेली. भागाबाईचा डबा खुंटीला होता. शाळेतून येणाऱ्या नातवंडांसाठी. सोमाजीच्या बोटांत जोर नव्हता. तो डबा मांडीत धरून सून शेतातून येईपर्यंत बसून असायचा. मला म्हणाला, "हे झाकन उघडाले मानूस ठेवला का गा तुमच्या संस्थेनं?" पाटलांच्या ओट्यावर डबा उघडा होता आणि वरणावर साय धरली होती. मी विचारलं, "काका, जेवला नाहीत?" ते म्हणाले, "आज कोन कोन जेवलं, ते सांग पयले." मला एकाचंही नाव सांगता येईना.

त्यानंतर मोठीमायनं जे केलं ते तीच करू जाणे. डबे घरोघर पोचले की ती काठी आपटत गल्लीतून फिरायची आणि सगळ्यांना आपापला डबा घेऊन समाजमंदिरात बोलवायची. तिथं सगळे डबे एका गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, उलटे करायची, तापवायची, कुस्करायची आणि तीन ओळींत वाढायची. मला कळलं तेव्हा मी हबकलो. पंगत भरवायची नाही असा लेखी आदेश होता, आणि तो मोडणाऱ्या स्वयंपाकिणीला कामावरून काढलं जाणार होतं. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "मी कुठं मोडला गा? डबे घरी गेले. मंग घरून फिराले आले." पुढच्याच महिन्यात साहेब तपासणीला येणार होते, आणि त्याआधी गावचा अहवाल मला द्यायचा होता. तिचं लपवलं तर पुढं ती पकडली जाणार. खरं लिहिलं तर माझी सूचना फसली हे मलाच कबूल करावं लागणार, आणि माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती. मी चार दिवस कोरा कागद समोर ठेवून होतो. पाचव्या दिवशी घरोघर पाहिलेलं सगळं लिहिलं, सूचना माझी होती आणि ती चुकली असं लिहिलं, आणि पंगत पुन्हा सुरू करावी असंही लिहिलं. साहेब बोलले पुष्कळ, पण मान्य केलं.

त्या दिवशी मी मोठीमायला एक पत्र टाकलं. आयुष्यात तिला लिहिलेलं ते माझं एकच पत्र. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा तिनं त्याचा विषय काढला नाही, नंतरही कधी काढला नाही. पंगतीतले म्हातारे मात्र त्या दिवशी मला पाहून एक-एक करत सरकले आणि बसायला जागा करून दिली. आज त्यांतलं कुणी नाही, मोठीमायही नाही. पत्र मला पाठ आहे.

"मोठीमाय,

जयभीम. सोमवारपासून डबे बंद. तांदूळ, डाळ पूर्वीसारखं समाजमंदिरात येईल. तुझं काम कायम आहे.

सूचना माझी होती आणि ती चुकली, असं मी साहेबांना लिहून दिलं आहे. ते खरं आहे, पण पुरतं खरं नाही. म्हाताऱ्यांना चालायचा त्रास होतो असं मी तेव्हा लिहिलं होतं. तसं मला कुणीच म्हणालं नव्हतं. साहेबांपुढं तू मला आ करायला लावलंस, ते हसले, आणि मला तुझी लाज वाटली. पुन्हा कुणी बाहेरचा आला तर त्याला तू दिसू नयेस, म्हणून मी पंगत मोडली.

तुला वाचता येत नाही, तेव्हा हे कुणीतरी पंगतीतच मोठ्यानं वाचून दाखवील. वाचू दे. सगळे दोन महिने अर्धपोटी राहिले ते कशामुळे, हे त्यांनाही कळायला पाहिजे. वाचणाऱ्यानं मधलं काही गाळू नये.

तुझा बाबू"