मोबाईलला दिलेली विद्या

जळगावच्या एका महाविद्यालयात मोबाईल पडद्याला जोडून मी मुलांना शिवराम नानांचं चित्रीकरण दाखवत होतो. नाना निर्गुडीची डहाळी हातात फिरवत बोलत होते, आणि पडद्याच्या वरच्या कडेला संदेश उमटला... 'नाना गेले.' मुलांनी तो माझ्याआधी वाचला.

नानांची विद्या मी वाचवली, असं तेव्हापासून बरेच जण म्हणतात. ते पुरतं खरं नाही, म्हणून हे लिहितोय.

साक्रीकडच्या डोंगरातल्या एका गावात नाना झाडपाल्याचं औषध देत. मी वनस्पतिशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, जळगावातच मेहरूणला राहणारा. झाडं ओळखून घ्यायला जाऊ लागलो आणि मैत्री जडली. त्यांच्या घराण्याचा एक नेम होता. विद्या एकालाच द्यायची, तीही अखेरीला. दिली की देणाऱ्याच्या हातचा गुण जातो. नानांची मुलं सुरतेला, त्यांना यात रस नव्हता. मी चित्रीकरणाचा हट्ट धरला. मोबाईल काय वारस आहे का, म्हणून हसलोही. काम संपलं त्या दिवशी नानांनी हात धुतले, आणि दुसऱ्या सकाळी दारात आलेल्या बाईला औषध दिलं नाही. सगळं देऊन टाकलं म्हणाले, मला थट्टा वाटली.

"बठ्ठं मोबाईलले दिधं, भाऊ. आते मना हातमा काय शे?"

हळूहळू माणसं यायची थांबली. संध्याकाळी नानांचा फोन येई, आजही कोणी आलं नाही म्हणून सांगत. मी व्याख्यानांच्या गडबडीत. एकदा म्हणालो, नाना, आता तुम्हाला गावोगावचे लोक बघतात. ते म्हणाले,

"त्या माले देखतस. मी कोनले देखू?"

मी विषय बदलला.

दहाव्याला गेलो, तर ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. एक म्हातारी म्हणाली, औषध मागायचं नाही तर कोणत्या तोंडाने यायचं, नानांना उगाच वाईट वाटलं असतं. नुसतं बसायला या, एवढं मी गावात सांगू शकलो असतो. सुचलं नाही.

घरी येऊन सगळी चित्रणं लावली. आवाज स्वच्छ यावा म्हणून मागचा गलका मीच संगणकावर पुसून टाकला होता. माणसांचं बोलणं, पोरांचं रडणं, सगळं. नाना अगदी एकटे बोलतात. कामाचा नाही म्हणून बाजूला टाकलेला एकच तुकडा तसाच राहिलाय. त्यात नाना मुळी कशी उगाळायची ते सांगत असतात, तेवढ्यात बाहेरून कुणीतरी विचारतं, "नाना शेतस का घरमा?" सांगणं अर्धवट टाकून ते वळतात. "ये, बठ." आणि मग माझ्याकडे पाठ करून कितीतरी वेळ बोलत राहतात... कापसाचं, कुणाच्या लग्नाचं.