कुंकवाचे हात

घरमालकीण सुमनकाकू नसत्या, तर ही खोली माझ्याकडे राहिली नसती. पाणी गेलेलं असताना मी नळ उघडाच ठेवून कामावर गेलो. दुपारी पाणी आलं, आणि खालच्या नानांच्या भिंतीवरून उतरलं. त्यांच्या वारलेल्या बायकोने गृहप्रवेशाला उमटवलेले कुंकवाचे हात ओघळून गेले.

“या पोराला आधी बाहेर काढा,” नाना म्हणाले.

“खोली माझी आहे नाना, बोलायचं ते मला बोला. भिंत मी रंगवून देते.”

“रंग द्याल हो. तिचे हात कुठून आणाल?”

भिंत सुकल्यावर काकूंनी ती रंगवून दिली.

आता जिन्यातून ती कोरी भिंत दिसते. गावाकडे आईने सारवलेल्या भिंतीवर तिची बोटं अजून असतील का, असं मनात येतं. नानांना मी काहीच परत देऊ शकत नाही. पण काकू, माझं घर होईल तेव्हा भिंतीवर पहिला हात तुमचाच.